यूटीव्ही आणि कॉलनीतला डांबरी रस्ता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही ॲरिझोनात राहतो, फीनिक्सच्या उत्तरेला डोंगरातल्या एका गावात. जंगलात शिरणाऱ्या मातीच्या वाटा घराच्या ओट्यावरून दिसतात, पण तिथवर पोचायला कॉलनीतून सव्वा मैल डांबरी रस्ता पडतो. सगळे प्रश्न या सव्वा मैलाचेच आहेत. सुटीला येणारी मराठी मित्रमंडळी अंगणातली यूटीव्ही, म्हणजे मातीच्या वाटांसाठीची छोटी चारचाकी, पाहतात आणि चहा होईपर्यंत तेच तेच विचारतात, म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय. मी वकील नाही, मेकॅनिकही नाही. सहा वर्षं एक सेकंडहँड यूटीव्ही बाळगून आहे आणि एकदा ती उलटता उलटता राहिली आहे, एवढीच माझी लायकी.

यूटीव्ही म्हणजे एटीव्हीच ना?

नाही. एटीव्हीवर आपण मोटारसायकलसारखे टांग टाकून बसतो, हातात हँडल असतं आणि वळताना अंग झुकवून तोल सांभाळतो. यूटीव्हीत शेजारी शेजारी सीटा, गोल स्टिअरिंग, पायात ब्रेक-ॲक्सिलरेटर, डोक्यावर लोखंडी पिंजरा आणि कमरेला पट्टा. म्हणून तिला इथे ‘साइड बाय साइड’ही म्हणतात. मागे छोटा हौदा असतो, त्यात गवताच्या गाठी, खताची पोती, कुंपणाचे खांब काहीही टाका. कावासाकीचं ‘म्यूल’ १९८८ साली आलं ते अशाच कामासाठी. म्यूल म्हणजे खेचर, आणि नाव अगदी चपखल होतं. पुढे याच घराण्यात ताशी ७०-८० मैल पळणारी शर्यतीची घोडी निघाली, आणि तिथून भानगडी वाढल्या.

दिसायला ती छोटी जीप वाटते. पण आतून ती जीप नाही, आणि पुढचं सगळं लिखाण या एका फरकावर उभं आहे.

कॉलनीतल्या रस्त्यावर चालवणं कायदेशीर आहे का?

तुम्ही कुठल्या राज्यात आहात, यावर आहे. अमेरिकेत याला एक देशव्यापी उत्तर नाही. ॲरिझोनात कागदपत्रं आणि सामान नीट असेल तर चालतं. कॅलिफोर्नियात यूटीव्हीला रस्त्याची नंबरप्लेट मिळवण्याचं स्वप्न सहसा सोडून द्यावं लागतं. वेस्ट व्हर्जिनियाचा नियम मला सगळ्यात मजेशीर वाटतो. तिथे ज्या रस्त्याला मधली रेघ आखलेली आहे किंवा दोनपेक्षा जास्त लेन आहेत, त्यावर एटीव्ही-यूटीव्हीला एरवी बंदी. पण एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर जायचं असेल तर १० मैलांपर्यंत, ताशी २५ मैलांच्या आत, शक्य तिथे रस्त्याच्या कडेने जाता येतं. हॅटफील्ड-मॅकॉय ट्रेल्स हे अशा गाड्यांसाठीच्या जंगलवाटांचं जाळं तिथेच आहे, २००० साली सुरू झालं. आजूबाजूच्या खाणकामगारांच्या जुन्या गावांत लोक चिखलाने माखलेल्या गाड्या थेट हॉटेलासमोर लावून जेवायला बसतात.

राज्याने हो म्हटलं तरी गाव किंवा काउंटी (इथला जिल्हा) आपला वेगळा नियम करू शकते. ‘माझ्या भावाच्या राज्यात चालतं’ हे वाक्य पोलिसाला ऐकवून काही उपयोग होत नाही.

ॲरिझोनात नेमकं काय काय लागतं?

गाडीचं टायटल म्हणजे मालकीचा कागद, मागे नंबरप्लेट आणि दरवर्षी काढायचं ऑफ-हायवे डेकल, म्हणजे गाडीवर चिकटवायचा स्टिकर. इथल्या रहिवाशाला ते २५ डॉलरला पडतं. डेकल म्हणजे जंगलवाटेचा परवाना, प्लेट म्हणजे रस्त्याचा. एक काढलं की दुसरं मिळालं, असा समज फार जणांचा असतो आणि तो चुकीचा आहे.

शिवाय हेडलाइट, टेललाइट, ब्रेकलाइट, हॉर्न, मागचं दिसणारा आरसा, प्लेटवरचा दिवा, मागे लाल रिफ्लेक्टर. आवाज ९६ डेसिबलच्या आत ठेवणारा मफलर आणि ठिणगी रोखणारी जाळी. उन्हाळ्यात इथलं जंगल काडेपेटीसारखं कोरडं असतं, त्या जाळीची चेष्टा करू नका. १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला हेल्मेट. रस्त्यावर आलात की चालवणाऱ्याकडे ड्रायव्हिंग लायसन्स आणि गाडीचा लायबिलिटी इन्शुरन्स, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा. खरेदीआधी राज्याच्या वाहनखात्याकडून आजची यादी एकदा तपासून घ्या. शोरूममधला माणूस तुम्हाला गाडी विकायला उभा असतो, नियम शिकवायला नाही.

आमची कॉलनी एचओएची आहे. त्यांचं काय?

एचओए म्हणजे आपली सोसायटी, फक्त कमिटी जास्त चिकट. आधी एकच गोष्ट विचारा: रस्ता सरकारी आहे की कॉलनीच्या मालकीचा? खासगी रस्ता असेल तर राज्याने दिलेली प्लेट लावूनसुद्धा कमिटी तुम्हाला अडवू शकते. घर घेताना ज्या जाडजूड कागदांवर आपण न वाचता सह्या करतो, त्यातच ते कलम असतं. आणि उलटही खरं आहे. रस्ता खासगी आहे म्हणून पोरांनी वाट्टेल तशी गाडी पळवावी, असा अर्थ निघत नाही. अपघात झाला की वकील खासगी-सरकारी बघत बसत नाहीत.

डांबरी रस्ता तर गुळगुळीत. धोका खरा डोंगरात असेल ना?

हा प्रश्न सगळे विचारतात, आणि गोम इथेच आहे.

अमेरिकेचा ग्राहक सुरक्षा आयोग सांगतो की एटीव्ही, यूटीव्ही अशा ऑफ-रोड गाड्यांच्या अपघातांत दरवर्षी सरासरी ७००हून जास्त माणसं दगावतात आणि सुमारे १,००,००० जण तातडीच्या विभागात पोचतात. गाड्या बनल्या दऱ्याखोऱ्यांसाठी. पण एटीव्हीवर मेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक सार्वजनिक रस्त्यांवर मेलेत. म्हणजे दऱ्याखोऱ्यांत मरणाऱ्यांपेक्षा रस्त्यावर मरणारे अधिक.

कारण टायरपासून सुरू होतं. मोटारीच्या टायरमध्ये ३२-३५ पीएसआय हवा असते, यूटीव्हीच्या टायरमध्ये त्याच्या निम्मी किंवा त्याहून कमी. वर मोठमोठ्या गाठी. मऊ टायर दगडाला मिठी मारतो, गाठी चिखलात रुततात, सगळं छान. तोच टायर डांबरावर वळताना कडेने दुमडतो, गाठी वाकतात आणि स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर विचार करून वळते. मग एकदम जास्तच वळते. बऱ्याच टायरांच्या कडेला ‘एनएचएस’ असं कोरलेलं असतं, म्हणजे हे हायवेसाठी नाही. अंगठ्याने चिखल पुसा आणि वाचा.

त्यात गाडीचं पोट जमिनीपासून फूटभर वर, म्हणजे बसणाऱ्यांचं वजन आणखी वर. रुंदी मात्र बेताची, कारण झाडांमधून निघायचं असतं. उंच, अरुंद आणि मऊ पायांची गाडी. मातीत वळताना चाक घसरतं, आणि ते घसरणं हाच तिचा बचाव असतो. डांबर चाकाला घसरू देत नाही. घसरायचा जोर मग कुठेतरी जायलाच हवा, तो गाडी उचलण्यात जातो.

डिफरेन्शियल लॉकचा काय संबंध?

हे मला शोरूमने समजावलं नाही. समजावलं ते इस्लामपूरकडच्या माझ्या काकांनी, जे तीस वर्षं ट्रॅक्टर चालवून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. पहिल्याच दिवशी ड्राइव्हवेवर मी गाडी वळवली तसा टायरांचा चर्र आवाज आला. काका ओट्यावरून ओरडले, “आरं, लॉक लावून डांबरावर वळतंय का कुणी?”

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला लांबचा फेरा पडतो, आतल्याला जवळचा. डिफरेन्शियल दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतं. चिखलात एक चाक नुसतंच गरगरू लागलं की लॉक लावायचा, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आसात बांधल्यासारखी फिरतात आणि ट्रॅक्टर बाहेर निघतो. नांगरटीत हे प्रत्येकाला माहीत असतं. बांधावरून रस्त्यावर चढलं की लॉक काढायचा हेही माहीत असतं, कारण तसंच वळलं तर ट्रॅक्टर सरळच रेटतो.

यूटीव्हीत हीच गोष्ट बटणावर आलीय. कामाच्या बऱ्याच गाड्यांत मागचं डिफरेन्शियल मोकळं करायची सोय असते, काही कंपन्या तिला ‘टर्फ मोड’ म्हणतात, कारण हिरवळ उखडू नये म्हणून ती दिलेली. डांबरावर यायच्या आधी ती लावा आणि फोर-व्हील काढून टू-व्हीलवर या. पण शर्यतीच्या पद्धतीच्या बऱ्याच मॉडेलांत मागचा आस कायमचाच बांधलेला असतो, बटणच नाही. अशी गाडी घेतलीत तर वळणावर ती नेहमीच थोडी अडून बसणार, आणि तुम्हाला वेग कमी करण्यावाचून इलाज नाही.

ओळखायची सोपी खूण: रिकाम्या ड्राइव्हवेवर चालत्या माणसाच्या वेगाने पूर्ण स्टिअरिंग फिरवून गोल फेरी मारा. चरचर आवाज आला, काळे पट्टे उमटले, म्हणजे आस बांधलेला आहे.

पण मी ताशी २० मैलांनीच जातो. त्यात काय होणार?

यामाहाची ‘ऱ्हायनो’ ही यूटीव्ही आठवते का? २००९च्या मार्चमध्ये ग्राहक सुरक्षा आयोगाने आणि कंपनीने मिळून तिच्या ४५० आणि ६६० या मॉडेलांची मोफत दुरुस्ती जाहीर केली. तोवर आयोगाने ५०हून जास्त अपघात तपासले होते, त्यांत ४६ चालक-प्रवासी गेले होते. दोन तृतीयांशांहून जास्त अपघात गाडी उलटण्याचे. आणि आयोगाचं निरीक्षण वाचून मी थांबलो होतो: उलटण्याच्या अनेक घटना सपाट जमिनीवर, बेताच्या वेगात वळताना झालेल्या दिसत होत्या. दुरुस्ती काय होती? मागच्या चाकांना स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवणारी चकती, लावून रुंदी वाढवायची आणि मागचा अँटी-स्वे बार, म्हणजे दोन बाजूंचं सस्पेन्शन जोडणारा दांडा, काढायचा. म्हणजे कळीचा मुद्दा रुंदी आणि तोल हाच होता.

माझं सांगतो. ऑक्टोबरातली दुपार. हौद्यात लाकडाच्या भुशाची आठ पोती, शेजारी पलीकडच्या घरातला मित्र, वेग पंधरा-वीसच्या दरम्यान. आमच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागताना उजवीकडे वळण आहे आणि रस्ता किंचित उताराचा आहे. जंगलातून परतताना लावलेला लॉक मी काढलाच नव्हता. स्टिअरिंग फिरवलं, गाडी सरळच जायला लागली, मी आणखी फिरवलं. मग टायरांनी एकदम पकड घेतली आणि माझ्या मित्राच्या बाजूची दोन्ही चाकं उचलली गेली. आवाज बंद झाल्यासारखा वाटला. मागची पोती डावीकडे सरकली, त्यांचा धपकन आवाज तेवढा आला. मी स्टिअरिंग सोडून दिल्यासारखं सरळ केलं आणि गाडी परत चार पायांवर आदळली.

थांबल्यावर पाहिलं तर माझा डावा हात बाहेर होता. पिंजऱ्याचा खांब बाहेरून घट्ट धरलेला. कधी धरला ते आठवत नाही. गाडी डावीकडे पडली असती तर ती बरोब्बर त्या चार बोटांवर पडली असती. उलटणाऱ्या गाडीतून माणूस आपोआप हात-पाय बाहेर काढतो आणि जबर दुखापती तिथेच होतात. दाराची जाळी याचसाठी असते. मी ती आदल्या उन्हाळ्यात काढून गॅरेजात टांगली होती, चढताना अडचण होते म्हणून.

मग रस्त्याचे टायर टाकले तर प्रश्न मिटतो?

निम्मा. डीओटी (अमेरिकेचं वाहतूक खातं) छाप असलेले, रस्त्यासाठीचे, कमी गाठींचे टायर डांबरावर बरेच शांत वागतात आणि टिकतातही. गाठीचे टायर रोज डांबरावर घासले तर बघता बघता पायपुसणं होतात. पण टायर बदलून गाडी रुंद होत नाही आणि तिचं पोट खाली येत नाही. बांधलेला आस बांधलेलाच राहतो. काही जण पकड चांगली मिळाली म्हणून वेग वाढवतात. जास्त पकड म्हणजे उलटायला जास्त जोर, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

पट्टा, हेल्मेट एवढ्याशा अंतराला?

हो. नव्या बऱ्याच गाड्यांत चालकाने पट्टा लावला नाही तर गाडी ताशी १५ मैलांच्या वर जातच नाही. आपले लोक हुशार, पट्टा पाठीमागून घेऊन खुंटीत अडकवतात आणि वर बसतात. अशांच्या गाडीत मी बसत नाही. पिंजरा तुम्हाला वाचवतो तो तुम्ही आत असाल तरच.

मुलांना चालवायला देऊ का?

नाही. मोठ्या यूटीव्हीवर बनवणारेच चालकाचं किमान वय १६ लिहितात, आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही १६च्या खालच्यांनी या गाड्या चालवू नयेत असं सांगते. शिवाय रस्त्यावर लायसन्स लागतंच. बाजूला बसवायचं असेल तर मूल सीटला पाठ टेकवून बसल्यावर त्याचे पाय तळाला टेकतात का आणि हात धरायच्या दांडीला पोचतात का, ते बघा. नाही पोचत, तर अजून एक-दोन वर्षं थांबा. मांडीवर घेऊन फेरी मारणं हा प्रकार तर डोळ्यांनी बघवत नाही. आणि हौद्यात कोणालाच बसवू नका. तिथे सीट नाही, पट्टा नाही.

शेजारी गोल्फ कार्ट बिनधास्त फिरवतात. आमच्यावरच का डोळे?

कारण गोल्फ कार्टचा वेग ताशी वीस मैलांच्या आसपासच हाशहुश करत संपतो. फीनिक्सशेजारचं सन सिटी हे १९६० साली वसवलेलं निवृत्तांचं गाव, तिथे आजीआजोबा दुकानात, देवळात, डॉक्टरकडे कार्टनेच जातात. त्याहून वरची पायरी म्हणजे लो-स्पीड व्हेइकल. १९९८ साली केंद्राच्या वाहतूक सुरक्षा खात्याने हा वेगळा वर्गच केला: चार चाकं, ताशी २० ते २५ मैलांची कमाल मर्यादा, आणि सोबत हेडलाइट, इंडिकेटर, आरसे, समोरची काच, पट्टे हे सगळं सक्तीचं. कॉलनीत भाजी आणायची, पोस्टातून पार्सल आणायचं, एवढंच काम असेल तर यूटीव्हीपेक्षा हेच घ्या. खरंच सांगतो.

आवाजाची तक्रार आली तर?

आली तर ती खरी धरून चाला. ज्याला आपण इंजिनाचा दमदार नाद म्हणतो, तो पलीकडच्या घरात रात्रपाळी करून झोपलेल्या नर्सला छळ वाटतो. यूटाहमधल्या मोआबला गावकरी इतके कावले की २०२१ साली तिथे या गाड्यांसाठी आवाजाचे नियम कडक झाले, आणि ते गाव तर याच पर्यटकांवर जगतं. कॉलनी ओलांडेपर्यंत हळू आणि एका गतीत जा, नुसताच ॲक्सिलरेटर मारू नका, बाजारातला फटफटणारा सायलेन्सर बसवू नका.

घराच्या इन्शुरन्समध्ये यूटीव्ही धरलेली असते का?

तुमच्या हद्दीत असताना कदाचित. गेटबाहेर पडलात की बहुतेक पॉलिस्या हात वर करतात. वेगळी पॉलिसी घ्या. ॲरिझोनात रस्त्यावरच्या वाहनाला किमान लायबिलिटी २५,०००, ५०,००० आणि १५,००० डॉलर अशी आहे: एका माणसाची इजा, सगळ्या माणसांची मिळून इजा, आणि मालमत्तेचं नुकसान. इथल्या हॉस्पिटलची बिलं बघितली असतील तर हे आकडे किती तोकडे आहेत ते वेगळं सांगायला नको.

भारतात अशी गाडी फार्महाउसवर घेतली, तर गावातल्या रस्त्यावर चालेल का?

हा प्रश्न कर्जत-लोणावळ्याकडे प्लॉट घेतलेल्या मित्रांचा असतो. सरळ उत्तर: नोंदणी नसेल तर नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी चालणारं वाहन नोंदलेलं हवं, आणि नोंदणीसाठी ते मॉडेल मंजूर चाचणी संस्थेकडून पास झालेलं हवं. पुण्याची एआरएआय हे त्यातलं आपल्या ओळखीचं नाव. नागावच्या किनाऱ्यावर भाड्याने फिरवतात तसल्या एटीव्ही सर्वसाधारणपणे या प्रकारात बसत नाहीत. अपवाद गमतीचा आहे. २०२० साली पोलारिस कंपनीने ‘स्पोर्ट्समन ५७०’ ही एटीव्ही भारतात चक्क ट्रॅक्टर म्हणून मंजूर करून आणली. आरटीओच्या दृष्टीने ती शेतीची गाडी. काकांना हे सांगितलं तेव्हा ते मनापासून हसले होते.

आणि अल्पवयीन पोराच्या हाती दिलीत तर २०१९च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. गेटच्या आत काय करता तो तुमचा प्रश्न, गेटबाहेर हा कायदा.

घरी आईवडील आलेत, त्यांना एक चक्कर मारून आणू का?

आणा, पण आधी त्यांना चढता येतं का बघा. पायरी गुडघ्याच्या वर असते. पट्टा तुम्ही स्वतः लावून द्या, हात आत ठेवायला सांगा आणि जाळी लावा. आमची आता लावलेलीच असते. साडीचा पदर, ओढणी चाकाच्या बाजूला लोंबत नाही ना, तेही बघा.

काकांना नुसतं बसायचं नव्हतं, चालवायचं होतं. रस्त्यावर मी देणार नव्हतो, म्हणून आमच्याच लांब ड्राइव्हवेवर चाक त्यांच्या हाती दिलं. त्यांनी आधी खाली उतरून चारही टायर अंगठ्याने दाबून पाहिले, डॅशबोर्डवरचं लॉकचं बटण कुठलं ते विचारलं, ते काढलंय याची दोनदा खात्री केली आणि मग मेलबॉक्सपर्यंत गेले. परत येताना वळण घेताना गाडी जवळजवळ थांबवली. टपाल आणलं होतं, सगळी जाहिरातींचीच पत्रं.